उषस्तीची न्याहारी

कुरुदेशात त्या वर्षी अशा गारा पडल्या की उभं पीक आडवं झालं. काही अभ्यासक म्हणतात गारा नव्हेत, टोळधाड होती. काहीही असो, शेतात दाणा उरला नाही. उषस्ती चाक्रायण नावाचा एक विद्वान ब्राह्मण बायकोला घेऊन दुसऱ्याच्या गावात कसेबसे दिवस काढत होता. गाव कुणा ‘इभ्या’चं. इभ म्हणजे हत्ती. तेव्हा इभ्य म्हणजे हत्ती बाळगण्याइतका धनवान, नाहीतर साधा माहूत. शंकराचार्यांनी दोन्ही अर्थ देऊन ठेवले आहेत. हा इभ्य कुल्माष खात बसला होता. कुल्माष म्हणजे हलक्या प्रतीचे उडीद; आपल्याकडच्या घुगऱ्यांसारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणावं. उषस्तीने हात पसरला. इभ्य म्हणाला, माझ्या पुढ्यात आहेत तेवढेच आहेत, दुसरे नाहीत. उषस्ती म्हणाला, त्यातलेच दे. त्याने दिले, आणि वर पाणीही पुढे केलं. पाण्याला मात्र उषस्तीने नकार दिला: ते उष्टं आहे. इभ्याने साहजिकच विचारलं, मग हे उडीद उष्टे नव्हेत का? त्यावर उषस्ती म्हणाला, हे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

ही गोष्ट छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आहे. उषस्तीने ते उडीद सगळे संपवले नाहीत. उरलेले बायकोसाठी नेले. तिला त्या दिवशी आधीच बरी भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शिळ्या उडदांची न्याहारी झाली. त्या न्याहारीचं पुढे काय झालं, ते शेवटी.

आज या गोष्टीकडे वळावंसं वाटतं ते त्या पाण्यामुळे. भुकेने व्याकुळ झालेल्या माणसाने उडदाचा घास आणि पाण्याचा घोट यांच्यामध्ये एक रेघ ओढली. अलीकडे गरज आहे, पलीकडे मर्जी. गरजेपुढे नियम वाकतो. मर्जीला तो लागू होतो. अन्नाबद्दल भारतीय परंपरेत पुढे जे काही म्हटलं गेलं, त्यातलं बरंचसं या रेघेच्या आसपास घोटाळत राहिलं. गेल्या दोन दशकांत मराठी घरांत खाण्यावरून जी चर्चा चालते, तिच्यात मात्र ही रेघ जवळजवळ पुसली गेली आहे.

२०१८च्या सुमाराचं महाराष्ट्रातलं वातावरण आठवावं. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच खा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. या पद्धतीचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीला देत. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. ‘टशन’ या २००८च्या चित्रपटातल्या करीना कपूरच्या सडसडीत देहामुळे त्यांचं नाव घरोघर पोचलं होतं आणि त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा सल्ला होता, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोन तासांनी की दोनदा, यावरून सासू-सुनांत, कचेऱ्यांत, लग्नाच्या मांडवात वाद रंगले. घड्याळ लावून जेवणारे काका आणि डब्यात मोजून चार बदाम आणणारी भाची एकाच घरात नांदू लागली. दोन्ही सल्ल्यांनी काहींचं वजन उतरलं, काहींची साखर आटोक्यात आली, ही गोष्ट मान्य करायलाच हवी. मधुमेही माणसाला डॉक्टरांनी गोड बंद केलं, तर ती त्याच्यासाठी उषस्तीच्या उडदांसारखीच जगण्याची बाब आहे. तिथे तत्त्वज्ञान मधे आणू नये.

पण त्या वादात एक दृश्य वारंवार दिसायचं. सकाळी पाहुणे येतात. गृहिणीने पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवलेले असतात, कांदा बारीक चिरलेला, शेंगदाणे तळलेले. मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते, कढीपत्ता फुटतो, कांदा पारदर्शक होतो, मग पोहे, मीठ, चिमूटभर साखर आणि झाकण ठेवून एक वाफ. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. ती बशी घेऊन ती बाहेर येते आणि पाहुणा हात आडवा करून म्हणतो, ‘मला नको, माझं चालू आहे.’ काय चालू आहे ते विचारावं लागत नाही. बशी परत आत जाते. कुणाचं काही चुकलेलं नसतं; तरी ती परत जाणारी बशी मनाला लागते. आपल्या लोकांनी पोह्यांना फार मोठा मान दिलेला आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात एक दरिद्री ब्राह्मण, ज्याला आपण सुदामा म्हणतो, तो द्वारकेला निघतो तेव्हा त्याच्या बायकोकडे द्यायला काही नसतं. ती शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फाटक्या धडप्यात बांधून देते. राजवाडा बघून सुदामा ती पुरचुंडी लपवतो. कृष्ण ती स्वतः ओढून घेतो, एक मूठ खातो, दुसरी उचलतो तेव्हा रुक्मिणी हात धरते.

त्याच कृष्णाने दुर्योधनाच्या मेजवानीला नकार दिला. उद्योगपर्वात त्याने दिलेलं कारण नेमकं आहे: दुसऱ्याचं अन्न माणूस दोनच कारणांनी खातो, प्रेमापोटी नाहीतर संकटात, तुझं माझ्यावर प्रेम नाही आणि मी संकटात नाही. मग तो विदुराघरी गेला. महाभारतात विदुराने चांगलंचुंगलं शुद्ध अन्न वाढल्याचं आहे. त्या ताटात कण्या वाढल्या त्या लोकांनी, आणि मराठीत ‘विदुराघरच्या कण्या’ कायमच्या झाल्या. या बदलात लोकांची केवढी इच्छा दिसते! थोरामोठ्यांनी काय खाल्लं याची उत्सुकता तेव्हाही होतीच. फक्त तिची दिशा निराळी होती. सगळ्यांत मोठ्या पाहुण्याने आपल्या घरातलं, आपल्या सकाळचं, गरिबाचं खाणं खाल्लं, असं ऐकायला लोकांना हवं होतं. आज ओघ उलटा आहे. नटीने सकाळी उठून काय प्यायलं, क्रिकेटपटूने काय सोडलं, हे ऐकून आपण आपली न्याहारी बदलतो. पूर्वी देव आपल्या घरी जेवायला यायचा. आता आपण पडद्यावरच्या देवाच्या स्वयंपाकघरात डोकावतो. पोह्यांचा मान गेला तो तिथे.

प्रसिद्ध माणसांच्या पथ्याची ही ओढ आजची नाही आणि तिचं मूळही धर्मातच आहे. १८६३ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एलन व्हाइट या बाईंना आरोग्याविषयी दृष्टान्त झाला. त्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रमुख प्रेषित. मांस, दारू, तंबाखू, चहा-कॉफी दूर ठेवा, साधं खा, असा त्या शिकवणीचा गाभा. १८६६ साली पंथाने बॅटल क्रीक इथे आरोग्यसंस्था काढली आणि दहा वर्षांनी तिची सूत्रं जॉन हार्वी केलॉग या तरुण डॉक्टरकडे आली. मसाल्याचं, मांसाचं खाणं विकार चाळवतं आणि सपक धान्य मन शांत ठेवतं, हा त्याचा ठाम विश्वास. १८९४ साली त्याने आणि त्याचा भाऊ विल याने शिजवून राहून गेलेला गहू लाटला आणि त्याचे पापुद्रे निघाले. तिथून धान्याच्या कुरकुरीत पापुद्र्यांचा प्रवास सुरू झाला. त्या आरोग्यधामात हेन्री फोर्ड आणि थॉमस एडिसन यांच्यासारखी माणसं येऊन राहायची. मोठी माणसं तिथे काय खातात हे लोक तेव्हाही वर्तमानपत्रांतून वाचत होते. मग १९०६ मध्ये विलने स्वतःची कंपनी काढली आणि पापुद्र्यांत साखर घातली. थोरल्याला ती साखर मुळीच मान्य नव्हती. भावाभावांत वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. १९०७ मध्ये खुद्द डॉक्टर केलॉगला पंथाने बाहेर काढलं.

या कथेत वाईट वाटण्याजोगं बरंच आहे. सुरुवातीला एका माणसाला खरोखर वाटत होतं की सकाळचा वाडगा आत्म्याशी निगडित आहे. त्याची शिकवण वैद्यकीय कसोटीला किती उतरली हा भाग अलाहिदा, पण त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. काही वर्षांत वाडग्यातून देव निघून गेला आणि आज्ञा तेवढी मागे राहिली. सकाळचं खाणं हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं, हे वाक्य अनेकांना आजीच्या बटव्यातलं वाटतं. ते ठसठशीतपणे छापलं गेलं १९१७ साली, केलॉगच्याच संपादनाखालच्या आरोग्यविषयक मासिकात. १९९४ मध्ये हे पापुद्रे भारतात आले, कारखाना आपल्या तळोज्याला निघाला. इथल्या घरांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यावर ऊन दूध ओतलं आणि त्यांचा लगदा झाला. आपल्या सकाळीला ऊन काहीतरी हवं असतं. पेज, आंबील, उपमा, सांजा, थालीपीठ यांची नावं नुसती घेतली तरी वाफ दिसते.

पेजेचं नाव निघालंच आहे तर एका फार जुन्या पेजेपाशी थांबायला हवं. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, अंधकविंद गावच्या एका ब्राह्मणाची हकीकत आहे. बुद्ध आणि भिक्षुसंघाला जेवण द्यावं म्हणून तो गाड्यांत शिधा भरून दोन महिने त्यांच्या मागे फिरत होता, पण लोकांची रांगच इतकी मोठी की त्याची पाळी येईना. घरची कामं खोळंबलेली. शेवटी त्याने एक युक्ती केली. भोजनगृहात जाऊन काय काय आहे ते न पाहता काय नाही ते पाहिलं. दोन गोष्टी नव्हत्या: यागू, म्हणजे तांदळाची पातळ पेज, आणि मधाचे गोळे. त्याने सकाळी त्याच दोन वस्तू करून आणल्या. बुद्धाने भिक्षूंना त्या घेण्याची परवानगी तर दिलीच, शिवाय पेजेचे दहा गुण सांगितले. पेज देणारा आयुष्य देतो, कांती देतो, सुख देतो, बळ देतो, बुद्धीचं तेज देतो. आणि पेज भूक घालवते, तहान भागवते, वाताला वाट देते, मूत्राशय साफ ठेवते, न पचलेलं पचवते. यातले पहिले पाच गुण पेज ‘देणाऱ्या’च्या वाट्याचे आहेत. आरोग्याची यादी देण्यापासून सुरू होते. आजच्या कुठल्याही आहारपत्रकात हे सापडत नाही. तिथे कर्ता एकच, मी, आणि कर्मही मीच.

हाच बुद्ध एकदा कोसलच्या पसेनदी राजाला भेटला. राजा द्रोणभर (द्रोण हे तेव्हाचं मोठं माप) भात खाऊन धापा टाकत आला होता. बुद्धाने त्याला एक छोटी गाथा सांगितली: जो भान ठेवून, मात्रा ओळखून जेवतो त्याच्या व्यथा कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज शंभर नाण्यांच्या बोलीवर जेवताना म्हणून दाखवायला सांगितली. हळूहळू राजा नाळी या लहान मापाच्या भातावर आला, अंगाने हलका झाला आणि आपल्या अवयवांवरून हात फिरवत समाधानाने बुद्धाचे उपकार बोलू लागला. पगारी सल्लागार, उतरलेलं वजन, प्रसिद्ध माणूस, सगळं आजच्यासारखंच. फरक एवढाच की त्या गाथेत एकाही पदार्थाचं नाव नाही. भात वाईट असं म्हटलेलं नाही. राजा शेवटपर्यंत भातच खातो आहे.

इथे या सगळ्या चर्चेतली सर्वांत नाजूक जागा येते. खादाडपणा म्हणजे जास्त खाणं, असं आपण धरून चालतो. सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि पुढे ख्रिस्ती तत्त्ववेत्ते थॉमस ॲक्विनास यांनी तेच घेतले: वेळेआधी खाणं, भारी भारी खाणं, जास्त खाणं, हावरटासारखं खाणं आणि पाचवा प्रकार म्हणजे फार चोखंदळपणे खाणं. पाचव्यात प्रमाण अगदी थोडं असू शकतं. माणूस दोन घासच खाईल, पण ते असेच हवेत, इतकेच भाजलेले, याच तेलातले, यासाठी घरादाराला नाचवील. पोट रिकामं आणि मन ताटात रुतलेलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला एकाच श्लोकात बसवून योग दोघांनाही नाकारला आहे. १९९७ साली स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरने शुद्ध खाण्याच्या या ध्यासाला ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. जे साधूंनी दोष म्हणून ओळखलं होतं, ते चौदाशे वर्षांनी दवाखान्यात ओळखलं गेलं.

गांधीजींना हे स्वतःच्या अंगावर कळलं होतं. जोहान्सबर्गला असताना त्यांचं डोकं दुखायचं. मँचेस्टरमध्ये न्याहारी न करणाऱ्यांचं एक मंडळ निघाल्याचं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी सकाळचं खाणं सोडलं, डोकेदुखी थांबली, आणि आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजचा कुणीही सोळा तासांचा उपवास करणारा इथपर्यंत त्यांच्यासोबत येईल. आत्मकथेत पुढे मात्र ते आणखी एक गोष्ट कबूल करतात. उपवासाच्या दिवशी फळं खाताना त्यांना ती अन्नाइतकीच, किंबहुना अधिक चवीने खाल्ली जात असल्याचं दिसलं. उपवासाने भूक धारदार होते, जीभ तरतरीत होते. म्हणजे संयमासाठी उचललेलं हत्यार भोगासाठीही तितकंच उपयोगी पडतं. एवढ्या प्रामाणिकपणे स्वतःच्या ताटाकडे बघणारा माणूस विरळा.

मराठी माणसाला हे नवीन नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्याने स्वतःच स्वतःसाठी केली आहे. आपली उपवासाची बशी तर इतिहासाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, कसावा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आलेला. साबुदाण्याचा उद्योग तामिळनाडूत सेलमला उभा राहिला तो १९४०च्या दशकात. शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळी अमेरिका खंडांचीच लेकरं. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या एकादशीला यातलं काही ताटात असणं शक्यच नव्हतं. तेव्हा काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी म्हणजे एकादशी नव्हे. उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या बाईच्या पिशवीत शेंगदाण्याचा लाडू असतो, आणि ती ज्याच्या जवळ चालली आहे तो तिला पक्का ठाऊक असतो. घड्याळ लावून पाळलेल्या उपवासाबद्दल हाच एक प्रश्न विचारायचा आहे: कुणाच्या जवळ? शरीराच्या, असं उत्तर असेल तर तेही खोटं नाही. योशिनोरी ओसुमी यांना पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग कसा पचवतात यावरच्या संशोधनासाठी २०१६चं नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम यीस्टवरचं, पण त्याचा दाखला देत जगभर उपवासाचे वर्ग निघाले. शरीराला विश्रांती मिळते ही चांगलीच गोष्ट. फक्त तेवढ्याला उपवास म्हटलं की तो जुना शब्द ओस पडतो.

अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदातलं व्रत आहे. तिथला संदर्भ मोठा सुंदर आहे. वरुणाचा मुलगा भृगू बापाकडे ब्रह्म म्हणजे काय हे विचारायला जातो. बाप म्हणतो, तप करून शोध. भृगूला पहिलं उत्तर सापडतं, अन्न. मग तो पुढे जातो: प्राण, मन, विज्ञान आणि अखेर आनंद. आता वाटतं की अन्न खाली राहिलं, शिडीची पहिली पायरी. पण आनंदापाशी पोचल्याबरोबर उपनिषद मागे फिरतं आणि अन्नाचीच व्रतं सांगू लागतं: अन्नाची निंदा करू नका, अन्न अव्हेरू नका, अन्न पुष्कळ पिकवा, दारी आलेल्या कुणालाही परत पाठवू नका. आहाराच्या नव्या शिकवणुकीत मात्र निंदा ठासून भरली आहे. एका दशकात तूप गुन्हेगार, पुढच्यात भात, मग गहू, मग साखर, मग दूध. रविवारी जिलबी खाल्ली तर ‘पाप केलं’ म्हणायचं आणि सोमवारी प्रायश्चित्त घ्यायचं. धर्म सोडल्याचं सांगणारे लोक पाप आणि प्रायश्चित्त हे शब्द ताटापुरते जपून ठेवतात, ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे, कारण या पापाला क्षमा करणारं कुणी नाही.

निंदेप्रमाणे स्तुतीही घातक ठरते. नाचणीचं उदाहरण घ्यावं. सह्याद्रीच्या उतारावरच्या वरकस जमिनीत राबून पिकवलेलं धान्य. रात्री पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी आधणात सोडून ढवळत राहायचं, पळीवरून धार तुटेनाशी झाली की मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. ही आंबील पिऊन बायका लावणीला जायच्या. शहरात शिकायला आलेला मुलगा डब्यातली काळी भाकरी लपवायचा. पुढे भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं आणि नाचणी चकचकीत पाकिटांत आली. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, ही तिची ओळख झाली. ते कॅल्शियम तेव्हाही होतंच, आणि काळी भाकरी म्हणून हिणवली गेली ती माणसं तेच खात होती. धान्याला मान मिळाला याचा आनंद व्हावा. पिकवणाऱ्याची माफी कुणी मागितली नाही, याची खंत त्याहून मोठी आहे.

साधं खाणं थोर, असं म्हणताना आणखी एक भान सुटता कामा नये. निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. छांदोग्याच्याच सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस काही न खाता नुसत्या पाण्यावर राहायला सांगतो. सोळाव्या दिवशी म्हणतो, म्हण वेद. बारा वर्षं शिकलेला मुलगा गप्प. काहीच आठवत नाही. बाप समजावतो, मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरावा तसा तू उरला आहेस, जा, जेव. जेवून आल्यावर त्याला सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे त्या बापाला उपदेशाने नव्हे तर प्रयोगाने दाखवायचं होतं. ही गोष्ट वाचताना रिकाम्या पोटी शाळेत बसलेली मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली: उपमा, खिचडी, पोंगल असं ऊन खाणं. त्या मुलांना सोळा तासांच्या उपवासाचं महत्त्व सांगायला कुणी धजणार नाही. न्याहारी टाळणं ही निवड होण्यासाठी आधी ती पुढ्यात यावी लागते.

गाडगेबाबांचं जगणं इथे फार बोलकं आहे. शेंडगावचा हा परीट, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर. गावात शिरायचं ते झाडत. काम झाल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही, आणि मिळेल ती भाकरी त्याच खापरात. दुसऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, अन्नदानाच्या पंगती घातल्या. भुकेल्याला अन्न, हे त्यांच्या सांगण्यात सगळ्यांत आधी यायचं. स्वतःसाठी चटणी-भाकरी, समोरच्यासाठी पंगत. साधेपणाची दिशा स्वतःकडे आणि मुबलकतेची दिशा दुसऱ्याकडे, असा हिशेब ज्याने आयुष्यभर पाळला तो १९५६ मध्ये गेला, आणि अजून त्याच्या पंगतीची आठवण सांगणारी घरं विदर्भात आहेत.

छांदोग्यात आणखी एका ठिकाणी म्हटलं आहे की आहार शुद्ध असेल तर मन शुद्ध होतं. या ‘आहारा’वरून मोठमोठ्या आचार्यांत मतभेद झाले. रामानुजांनी शब्दशः अन्न घेतलं: त्याची जात, त्याचा आश्रय, त्यात पडलेलं काही, या सगळ्यांची शुद्धी. शंकराचार्यांनी म्हटलं, इंद्रियांनी जे जे आत घेतलं जातं ते सगळं आहार. हातातल्या फोनवर रात्री बारा वाजता दुसऱ्याच्या ताटात पडणारं लोणी बघत बसलेल्या माणसाला शंकराचार्यांचा अर्थ लागू पडतो. तो त्या क्षणी जेवतोच आहे. त्या जेवणाला पंचावन्न मिनिटांची मर्यादा नाही, आणि त्यात कुणाला वाढताही येत नाही.

आता उषस्तीकडे. सकाळी उठून तो बायकोला म्हणाला, थोडं खायला मिळालं तर काही कमावता येईल. जवळच राजा यज्ञ करतो आहे, तो मला ऋत्विजाचं काम देईल. बायको म्हणाली, ते कालचे उडीद आहेत की. त्याने ते खाल्ले आणि निघाला. यज्ञमंडपात गायक आपापल्या जागी बसले होते. त्याने एकेकाला विचारलं, तू जे म्हणतोस त्याची देवता तुला माहीत आहे का? ती न जाणता म्हणशील तर डोकं गळून पडेल. सगळे थबकले. राजाने नाव विचारलं, ओळख पटली, आणि काम त्याच्यावर सोपवलं. उषस्तीने आधीच्या लोकांना काढलं नाही. त्यांना जेवढी दक्षिणा द्याल तेवढीच मला द्या, म्हणाला. मग त्यांनी त्याला देवता विचारल्या. पहिल्या गानाची देवता त्याने सांगितली प्राण. दुसऱ्याची, सूर्य. तिसऱ्याची सांगितली अन्न, कारण सगळे प्राणी अन्न घेऊनच जगतात.

पोटात शिळे उडीद असलेल्या माणसाने भर यज्ञात हे सांगितलं. आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात उपनिषद काय दाखवतं? वेदपठणाला निघालेल्या एका ऋषीसमोर एक पांढरा कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे त्याच्याभोवती जमून म्हणतात, आम्हाला भूक लागली आहे, गाऊन अन्न मिळवून द्या. पांढरा कुत्रा त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगतो. ठरल्याप्रमाणे ते सकाळी येतात, यज्ञातले ऋत्विज एकमेकांना धरून फिरतात तसे फिरतात, बसतात आणि ओंकार लावून अन्नासाठी गातात.

नामदेवांच्या भाकऱ्या पळवणारा कुत्रा मराठी मुलांना माहीत असतो. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून.